दुपटं पांढरं, बाळ पिवळं

बाळ पाच दिवसांचं होतं. सातारा जिल्ह्यातलं गाव, आईचं माहेर, जुन्या घरातली बाळंतिणीची खोली. एका भिंतीला पोपटी ऑइलपेंट, खिडकीला केशरी पडदा, वर पिवळा बल्ब, बाजेशेजारी शेकाची शेगडी. मी आधी लग्नं आणि साखरपुडे करायचो. तान्ह्या बाळांचे फोटो काढायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. ‘नॅचरल लाइट’ हा शब्द नवा नवा तोंडात बसला होता आणि त्याचा माझ्या लेखी अर्थ एवढाच, की फ्लॅश बॅगेतून काढायचा नाही.

बल्ब बंद करायचं सुचलं नाही. पडदा अर्धाच सारला. बाळाला पांढऱ्या दुपट्यावर निजवलं आणि चाळीसेक फोटो काढले. बाळ भारी गुणी. कूस बदलली, टोपडं घातलं, काढलं, तरी झोपलेलंच. “इतकं शांत बाळ बघितलं नाही हो,” असं मी कौतुकानं म्हणालोही.

रात्री लॅपटॉपवर बाळ पिवळं दिसलं. मी पोपटी भिंतीला, पडद्याला आणि बल्बला मनातल्या मनात शिव्या घातल्या. लाइटरूममध्ये पिवळ्याचा स्लायडर खाली ओढला, त्याचा उजळपणा वाढवला, नारिंगी जरा गुलाबीकडे सरकवला. दहा मिनिटांत बाळ गुलाबी! दोन फोटो लगेच व्हॉट्सॲपवर पाठवले. घरचे खूश.

तिसऱ्या दिवशी बाळाच्या मामाचा फोन आला. बारशाचं बोलणं पुढे ढकलायचं होतं. बाळाला कावीळ झाली होती आणि दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. बोलता बोलता त्यानं सहज सांगितलं, की त्याच्या बहिणीला आधीपासून शंका होती. बाळ पिवळं वाटतंय, दूधही नीट ओढत नाही, असं ती म्हणत होती. घरच्यांनी तिला माझाच फोटो दाखवला. “बघ की, किती गुलाबी आहे. खोलीतल्या उजेडानं तुला तसं वाटतंय.”

बाळ चार दिवसांनी घरी आलं, सुखरूप. मी मात्र फोन आला त्याच रात्री मूळ फाइल पुन्हा उघडली. बाळाच्या गालाजवळच्या दुपट्यावर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टेकवला. तिथली भिंतीची, पडद्याची, बल्बची झाक बरीचशी निघून गेली, दुपटं पांढरं झालं. बाळ पिवळंच राहिलं. पहिल्या रात्री मी हे एवढंच करायला हवं होतं. उजेडाचा रंग दुरुस्त करायचा सोडून मी बाळाचा रंग दुरुस्त करून बसलो होतो.

पुढे एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडून समजून घेतलं, ते या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकानं ऐकावं. जन्मानंतर बाळाच्या रक्तातल्या जादा तांबड्या पेशी मोडतात, त्यातून बिलिरुबिन हा पिवळा पदार्थ तयार होतो आणि कोवळ्या यकृताला तो लगेच बाहेर टाकता येत नाही. म्हणून पुष्कळ बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ दिसते, पाचव्या दिवसाच्या आसपास चढते आणि दिवस भरलेल्या बाळात साधारण दोन आठवड्यांत ओसरते. पण पहिल्या 24 तासांतच पिवळेपणा आला, चेहऱ्यावरून पोटाकडे, पायांकडे उतरला, किंवा बाळ दुधाला उठेनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. फार चढलेली कावीळ मेंदूला इजा करते. आता आपलं वेळापत्रक बघा. बाळ मुटकुळं करून गाढ झोपतं म्हणून आपण शूटसाठी पाच ते चौदा दिवसांचं बाळ मागतो. दिवस तेच. आणि ज्याला मी शांतपणा म्हणालो, ती सुस्ती असू शकते.

एक गंमत याच विषयातली. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात 1956 साली एका परिचारिकेच्या लक्षात आलं, की उन्हात ठेवलेल्या बाळाचा उघडा भाग फिकट झालाय आणि चादरीखाली झाकलेला भाग तसाच पिवळा राहिलाय. त्यावरून पुढे 1958 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी दिव्याच्या उपचारावर लेख लिहिला, आणि आजचे निळे दिवे त्याच वाटेनं आले. पण म्हणून कुणी बाळाला खिडकीतल्या उन्हात ठेवून कावीळ घालवायला जाऊ नये. दवाखान्यातला दिवा मोजून-मापून दिलेला असतो, ऊन नाही.

आता उजेडाचं. नैसर्गिक उजेड म्हणजे ऊन नव्हे. थेट ऊन अंगावर आलं की सावल्या कापल्यासारख्या पडतात आणि बाळाची कातडीही तापते. मला उत्तरेची खिडकी सापडली तर दिवस सार्थकी लागतो. तिथला उजेड तासन् तास फारसा बदलत नाही. नसेल तर ऊन सरकेपर्यंत थांबायचं, किंवा खिडकीला आजीचं जुनं पांढरं मलमलचं पातळ लावायचं. रंगीत पडदा पूर्ण बाजूला. खोलीतले बल्ब, ट्यूब सगळं बंद: पिवळ्या बल्बचा उजेड साधारण 2700-3000 केल्विनचा, खिडकीचा 5500 च्या वर, आणि दोन्ही एकाच गालावर पडले तर कुठलाच स्लायडर दोघांचं समाधान करू शकत नाही. बाजेपलीकडे रंगीत भिंत असेल तर मध्ये पांढरी चादर धरायला मामा किंवा काका असतोच. बाळाचं डोकं खिडकीच्या बाजूला, जरा तिरपं ठेवायचं, म्हणजे उजेड कपाळावरून हनुवटीकडे उतरतो. पायाकडून आला तर नाकाची सावली वर चढते आणि गोजिरवाणा चेहराही भेसूर दिसतो.

पहिला फोटो बाळाचा नाही, करड्या कार्डाचा. ते बाळाच्या गालाशेजारी धरायचं आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स लावायचा. दुपट्यावर फार विसंबू नका. त्या रात्री दुपट्यानं मला खरं सांगितलं, पण आपल्याकडे दुपट्यांना नीळ घालतात. निळसर कापडाला पांढरं मानलं, की अख्खा फोटो पिवळसर होतो आणि ठणठणीत बाळही आजारी दिसायला लागतं. रॉ फाइलच घ्यायची, म्हणजे नंतर चूक सुधारता येते. मोबाइलवर तर कधीच भरवसा नको. तो स्वतःच्या मनानं रंग बदलतो, वरून गोरंही करतो. म्हणून बाळाची कावीळ व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विचारू नये, बाळ न्यावं.

एडिटिंगचा माझा नियम आता साधा आहे. काही आठवड्यांत आपोआप जाणारं किरकोळ काही पुसायला हरकत नाही: ओरखडा, सुटलेली सालपटं, नाकावरचे पांढरे दाणे. पाठीवरचा जन्मजात निळसर डाग आईला विचारल्याशिवाय पुसत नाही. आणि पिवळेपणाला शूटच्या दिवशी हातच लावत नाही. करडं कार्ड बरोबर दिसत असूनही बाळ पिवळं दिसलं, तर त्याच रात्री घरी फोन करतो: “मी डॉक्टर नाही, पण बाळाला लगेच दाखवून या.” कधी कधी डॉक्टर म्हणतात, काही नाही, नेहमीचंच आहे. माझं हसं होतं. होऊ दे. रंग हलका करून हवा असेल, तर डॉक्टरांचं बोलणं कळल्यावर करतो, तोही थोडा.

उरते ती आजींची मागणी, “जरा उजळ करा हो.” आधी मी निमूटपणे स्लायडर सरकवायचो. आता लॅपटॉप त्यांच्याकडे वळवतो, बाळाला खिडकीपाशी आणायला सांगतो आणि म्हणतो, “आजी, ताडून बघा बरं. फोटो चुकलाय का?” त्या एकदा स्क्रीनकडे बघतात, एकदा बाळाकडे. मग फोटो तसाच राहतो आणि त्या बराच वेळ बाळाकडेच बघत बसतात.