गाडी बंद पडली, तर चालत का निघायचं नाही?

प्रश्न : पुढच्या वर्षी ॲडलेडपासून डार्विनपर्यंत, ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमधून, एकटीनं गाडी चालवत जायचं ठरवते आहे. जिथे वाचावं तिथे एकच ताकीद दिसते : गाडी बंद पडली, तर गाडीपासून हलू नका. रस्ता समोर असताना चालत जाऊन मदत आणणं जास्त शहाणपणाचं नाही का? आणि मुळात एकटीनं जावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी चालण्याचा हिशेब मांडून बघू. ॲडलेडच्या उत्तरेला असलेल्या पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत जाणारा स्टुअर्ट हायवे सुमारे २,७०० किलोमीटरचा आहे. १९८७ पासून तो पूर्ण डांबरी आहे. त्यावर ग्लेनडॅम्बो ते कूबर पेडी या सुमारे २५० किलोमीटरच्या पट्ट्यात एकही पेट्रोल पंप नाही. समजा, तुमची गाडी बरोबर मध्यावर थांबली. म्हणजे कुठल्याही बाजूला १२५ किलोमीटर. ताशी चार किलोमीटरने न थांबता चाललात, तरी एकतीस तास लागतील. चाळीस अंशांच्या उन्हात चालणाऱ्या माणसाचं तासाला लिटरभर पाणी घामावाटे जाऊ शकतं. म्हणजे तीस लिटर पाणी, तीस किलो वजन! ते पाठीवर घेऊन ताशी चारचा वेग कोणालाच राखता येणार नाही. रात्री चालायचं म्हटलं, तरी अंतर तेवढंच राहतं.

गाडीजवळ मात्र सावली असते, पाण्याचे कॅन असतात, आणि स्वस्थ बसलेल्या शरीराला पाणी कितीतरी कमी लागतं. शिवाय शोध घेणारं विमान वरून जाताना गाडीचं टप आणि काचा लांबून चमकतात. झुडपाखाली बसलेला एकटा माणूस दिसत नाही. म्हणून बॉनेट उघडून ठेवायचं, दारं उघडायची आणि गाडीच्या सावलीत बाहेर बसायचं, कारण बंद गाडी आतून भट्टीसारखी तापते. स्टुअर्ट हायवेवर कोणी ना कोणी येतंच, आणि बॉनेट वर केलेली गाडी दिसली की थांबून चौकशी करायची तिथली रीत आहे. बर्ड्सव्हिल ट्रॅकसारख्या पाचशे किलोमीटरहून लांब कच्च्या रस्त्यावर मात्र वाट बघण्याची तयारी हवी. पहिल्या प्रवासात एकटीनं तिकडे वळू नका, असं आग्रहानं सांगेन.

आता एकटीनं जाण्याबद्दल. जरूर जा. मात्र त्या मुलखाचा आवाका मनात असू द्या. नॉर्दर्न टेरिटरी हा एकच प्रदेश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आहे आणि तिथे माणसं आहेत जेमतेम अडीच लाख. इतक्या विरळ वस्तीत माणसं टिकून आहेत, ती एकमेकांची खबर ठेवतात म्हणून. १९२८ साली जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांतून क्वीन्सलंडमधल्या क्लॉनकरी इथे विमानाने डॉक्टर पाठवण्याची सेवा सुरू झाली. आजची रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस ती हीच. काही हायवेंवर मधूनच डांबरावर धावपट्टीचे पांढरे पट्टे आखलेले दिसतात. रुग्णाला न्यायला विमान थेट रस्त्यावर उतरतं, त्यासाठी ते असतात. पण तुम्ही कुठे आहात हे कोणाला ठाऊक असेल, तरच ही सगळी यंत्रणा तुमच्यापर्यंत पोचेल. आउटबॅकमध्ये एकट्या प्रवाशाचं खरं कसब हेच : आपण कधीही सापडू शकू, अशी सोय करून ठेवणं.

मोबाइलवर भिस्त ठेवू नका. टेल्स्ट्रा या मोबाइल कंपनीचं जाळं सगळ्यांत दूरवर पोचतं, तरी गाव मागे पडलं की लांबच लांब पट्ट्यांत रेंज नसते. उपग्रहामार्फत बचाव केंद्राला तुमचा ठावठिकाणा कळवणारा लोकेटर बीकन भाड्यानंही मिळतो; तो घ्या आणि हाताशी ठेवा. रोज पिण्यासाठी निदान पाच लिटर पाणी धरा आणि त्यावर दोन-तीन दिवसांचं राखीव ठेवा. प्रत्येक रोडहाऊसवर, म्हणजे पेट्रोल पंप आणि मुक्कामाची सोय असलेल्या ढाब्यावर, टाकी भरून घ्या. स्टेपनी बदलायचा सराव इथेच, घरी करा.

गाडी डावीकडूनच चालवायची, त्यामुळे हात बसायला वेळ लागणार नाही. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून मूळ लायसन्ससोबत ठेवा. जपायचं ते रोड ट्रेनला. ५३.५ मीटरपर्यंत लांबीचे हे जोडट्रक असतात. तो ताशी १०० ने आणि तुम्ही ११० ने जात असाल, तर ओलांडायला जवळजवळ मिनिट जातं आणि दीड किलोमीटरहून जास्त रस्ता मोकळा लागतो. तेवढा दिसत नसेल, तर मागे राहा. समोरून आला, तर वेग कमी करा आणि स्टिअरिंग घट्ट धरा. वाऱ्याचा झोत गाडी हलवतो. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठा. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात, आणि भाड्याच्या गाड्यांच्या करारात गावाबाहेर रात्री चालवायला अनेकदा मनाईच असते. मे ते सप्टेंबर हे महिने चांगले. फक्त जुलैत ॲलिस स्प्रिंग्जची रात्र शून्याच्या आसपास उतरते, तेव्हा गरम कपडे न्या.

निघण्याआधी घरातल्या एका माणसाकडे रोजचा मार्ग आणि मुक्काम लिहून द्या. त्या दिवसांत तिथलं घड्याळ आपल्या चार तास पुढे असतं. तिथे पाच वाजता मुक्कामी पोचलात, की नाशिकला दुपारचा एक वाजलेला असेल. तेव्हा फोन करायचा. चारपर्यंत फोन आला नाही, तर घरच्यांनी आधी रोडहाऊसला आणि मग तिथल्या पोलिसांना कळवायचं. तिथला ००० हा आणीबाणीचा क्रमांक भारतातून लागत नाही, म्हणून दोन्ही थेट नंबर त्याच कागदावर लिहा. एवढं करा आणि निर्धास्त मनानं निघा.