हुरडा आणि सोयाबीन

करमणूक म्हटली की सिनेमा व हॉटेल एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. आमच्या रिसोड भागात मात्र हुरडा ही जुनी मेजवानी. ज्वारीचे दाणे कोवळे असताना त्यांतील साखरेचे पुरते पिष्ट झालेले नसते. म्हणून ते गोड लागतात. ही अवस्था थोडेच दिवस टिकते. तेवढ्यात गोवऱ्यांच्या विस्तवावर कणसे भाजून, हातावर चोळून, शेजाऱ्यांसह दाणे खायचे. एकट्याने हुरडा कोणी खात नाही.

पुढे सोयाबीन आले. सुमारे १०० दिवसांत ते रोख पैसा देते. ज्वारी मागे पडली. कडबा घटला, हुरडाही घटला. सोयाबीनला दोष कसा द्यावा? माझी फी त्यावरच भरली गेली. तरीही आई दरवर्षी धुऱ्याकडेला ज्वारीच्या चार ओळी पेरते. तेवढ्यासाठी शेजारपाजार अजून शेतात जमतो.