आधी कानातल्यांचं विचारते

1. दातांच्या ॲलर्जीचा पहिला धागा मला बरेचदा कानात सापडला. दाताच्या कॅपचं माप देता देता एखादी ताई सहज म्हणते, "खोटं कानातलं घातलं की माझी कानाची पाळी चिघळते." स्वस्त कॅप बहुधा निकेल-क्रोमियमची असते आणि नकली दागिन्यांतही निकेलच असतं. कान टोचल्यावर शरीराने ते एकदा ओळखलं, की सहसा विसरत नाही. म्हणून औषधांइतकंच दागिन्यांचंही विचारते. अशा वेळी झिर्कोनियाची कॅप सुचवते. ती महाग पडते, आणि समोरच्या माणसाचा खिसा दिसत असताना ते सांगणं मला आजही जड जातं.

2. तरीही पॅच टेस्टमध्ये निकेल आलं म्हणजे तोंडात त्रास होणारच, असं नाही. पाठीवर लावलेल्या पट्ट्या 48 तासांनी काढतात आणि पुढचे एक-दोन दिवस पुन्हा कातडी पाहतात, कारण ही ॲलर्जी सावकाश उमटते. तोंडात मात्र लाळ सतत धुऊन काढत असते. ब्रेसेसच्या काही तारांत निम्म्याहून जास्त निकेल असतं, आणि पाठ लाल झालेली कितीतरी मुलं त्या तारा निवांत वापरतात. कागदावरचा निकाल आणि माणूस यांत एवढं अंतर असू शकतं, हे मला फार उशिरा उमगलं.

3. कधी ॲलर्जी दाढेत भरलेल्या चांदीची असते: जुनी चांदी भरलेल्या दाढेला गाल जिथे टेकतो, नेमकी तिथेच पांढरी जाळी दिसते. त्या चांदीत वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो. ती काढून दुसरं सिमेंट भरलं, की पुष्कळांची जाळी काही महिन्यांत विरते. विरली नाही तर त्या जागेचा तुकडा तपासायला पाठवावाच.

4. "मला भुलीच्या इंजेक्शनची ॲलर्जी आहे," हे वाक्य मी कधी उडवून लावत नाही. तेव्हा नेमकं काय झालं, ते विचारते. बहुतेकांची छाती धडधडलेली असते. ते काम इंजेक्शनातल्या ॲड्रेनालिनचं किंवा भीतीचं. भुलीच्या औषधाची, म्हणजे लिग्नोकेनची, खरी ॲलर्जी फार दुर्मिळ. पण अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास कोंडला, असं कुणी म्हणालं, तर ॲलर्जीतज्ज्ञांनी तपासेपर्यंत मी सुई हातात घेत नाही.

5. काही ॲलर्जींचा पेशंटपेक्षा आम्हालाच धोका जास्त, हे माझ्या मदतनीस मुलीच्या बोटांनी दाखवलं. टोकं भेगाळलेली, मिठाचं पाणी लागलं तरी झोंबायची. दातात भरण चिकटवणाऱ्या बाँडिंगच्या द्रवातलं मेथॅक्रिलेट हातमोज्यांतूनही काही मिनिटांत आत झिरपतं. आता एक थेंब सांडला तरी ती हातमोजे बदलते, आणि तेवढा वेळ खुर्चीतला पेशंट थांबतो.