टायमिंग बेल्ट बदलताना खुणा कशा जुळवाव्यात?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपले बरेच बांधव आहेत. नगर-मनमाड रस्ता असो की पाथर्डी, श्रीरामपूर, संगमनेरचे नाके असोत, गॅरेजमध्ये एक उस्ताद आणि हाताखाली दोन-तीन शागीर्द हे चित्र नेहमीचेच. यातील बहुतेकांचे शिक्षण हातातल्या पान्यावर झालेले असते. हे शिक्षण कमी प्रतीचे नाही. मात्र काही कामे नुसत्या सवयीने होत नाहीत, ती समजून करावी लागतात. टायमिंग बेल्ट बदलणे हे त्यापैकी एक होय.

साखळीकडून पट्ट्याकडे

अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत टायमिंगसाठी साखळी असे. साखळी झिजली की आवाज करते आणि मिस्त्रीला आधीच कळते. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली. तिच्या 796 सी.सी.च्या तीन सिलिंडरच्या इंजिनात दातेरी रबरी पट्टा होता. ओम्नीतही हेच इंजिन आले. जर्मनीच्या ग्लास कंपनीने 1962 मध्ये आपल्या मोटारीत असा पट्टा वापरला होता, आणि 1966 च्या फियाट 124 स्पोर्ट या स्पोर्ट्स कारमध्ये दोन कॅमशाफ्ट एकाच पट्ट्यावर चालत. पट्टा हलका आणि बिनआवाजी असतो. पण तो तुटण्यापूर्वी बहुधा काही सांगत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे.

मारुती 800 चे उत्पादन 2014 मध्ये आणि ओम्नीचे 2019 मध्ये बंद झाले. तरी जुन्या गाड्या अजून दुरुस्तीला येतात. टाटा इंडिकाच्या जुन्या डिझेल इंजिनातही पट्टाच आहे. म्हणून हे काम नीट शिकून घेणे फायद्याचे आहे.

खुणा कशासाठी असतात?

क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दाते असतात. पिस्टन वर येताना कोणता व्हॉल्व उघडा आणि कोणता बंद असावा, हे या जोडीवर ठरते. समजा क्रँकच्या पुलीला 20 दाते आहेत. 360 अंशांना 20 ने भागले की 18 येतात. म्हणजे पट्टा एक दाता जरी चुकला, तरी टायमिंग क्रँकच्या हिशोबाने 18 अंशांनी सरकते. गाडी चालू होईलही, पण ओढणार नाही, पेट्रोल जास्त खाईल आणि गरम होईल. मग बिचारा मिस्त्री कार्बोरेटर उघडून बसतो!

मारुतीच्या या इंजिनात क्रँकच्या दातेरी पुलीवर ठिपका असतो. तो ऑइल पंपाच्या केसिंगवरील बाणासमोर आणायचा. कॅमच्या पुलीवरील खूण आतल्या कव्हरवरील खुणेसमोर आणायची. क्रँकची खूण प्रत्येक फेऱ्याला समोर येते, कॅमची मात्र दोन फेऱ्यांत एकदाच. म्हणून दोन्ही एकाच वेळी जुळल्या पाहिजेत. फ्लायव्हीलवर किंवा बाहेरच्या पुलीवर असणारी खूण इग्निशन टायमिंगची असते. तिच्यावर पट्टा जुळवू नये. प्रत्येक इंजिनाच्या खुणा वेगळ्या असतात, तेव्हा कंपनीचे पुस्तक जवळ ठेवावे.

कामाचा क्रम

1) इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा. प्लग काढले म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते.

2) फॅन बेल्ट, बाहेरची पुली आणि कव्हर काढा. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने फिरवा व दोन्ही खुणा जुळवा. खुणेकडे अगदी समोरून पाहा. तिरके पाहिल्यास अर्ध्या दात्याचा फरक दिसतो.

3) खुणा पुसून त्यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. जुन्या पट्ट्यावरच खुणा जुळत नसतील, तर आधी कारण शोधा. पट्टा दाता सोडून सरकला असेल किंवा मागच्या वेळी चुकीचा बसला असेल. तीच चूक नव्या पट्ट्यावर उतरवू नका.

4) टेन्शनर ढिला करून पट्टा काढा. यानंतर क्रँक किंवा कॅम स्वतंत्रपणे फिरवू नका. पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांना लागतील अशी रचना कित्येक इंजिनांत असते, डिझेलमध्ये तर ती जवळजवळ नेहमीचीच.

5) क्रँक व कॅमचे ऑइल सील आणि टेन्शनरची बेअरिंग तपासा. तेल गळत असेल तर नवा पट्टाही लवकर खराब होतो.

6) नवा पट्टा दुमडू नका आणि स्क्रू-ड्रायव्हरने रेटू नका. त्यावर बाण असल्यास तो फिरण्याच्या दिशेने ठेवा. क्रँकपासून सुरुवात करून टेन्शनर नसलेली बाजू आधी ताठ बसवा. ढील राहिली तर ती टेन्शनरच्या बाजूला राहावी.

7) टेन्शनरच्या स्प्रिंगला ताण घेऊ द्या. इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, मग टेन्शनर घट्ट करा आणि खुणा पुन्हा पाहा. मध्येच इंजिन अडले तर जोर लावू नका, व्हॉल्व पिस्टनला टेकला असण्याची शक्यता असते. काही पट्ट्यांवर रेषा असतात, त्या फक्त बसवताना उपयोगी पडतात. दोन फेऱ्यांनंतर त्या जुळत नाहीत म्हणून घाबरू नये. पुल्यांच्या खुणा जुळल्या की काम बरोबर.

हे सर्व झाल्यावरच सेल्फ मारावा. "सेल्फ मारून पाहू, कळेल" ही सवय व्हॉल्व वाकवते आणि हेड उतरवायला लावते.

अमानतीचा प्रश्न

पट्टा कव्हरच्या आत असतो. आपण नवा टाकला की जुनाच ठेवला, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आला आहे. अल्लाहचे प्रेषित (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. कव्हरखाली झाकलेला जुना पट्टा आणि ढिगाखालचे ओले धान्य यांत फरक तो काय? माप-तोलाविषयी आपल्याला जी ताकीद आहे, ती पान्यालाही लागू आहे.

यात माणसांच्या जिवाचाही प्रश्न आहे. बायका-मुलांनी भरलेली ओम्नी करंजी घाटात किंवा माळशेज घाटात चढावर असताना पट्टा तुटला, तर इंजिन जागीच बंद पडते. मागे ट्रक, बाजूला दरी. त्या वेळी पट्ट्याच्या किमतीत केलेली बचत कोणाच्या कामी येणार?

धंद्यासाठी काही सूचना

पट्टा ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर घ्यावा. जुना पट्टा गिऱ्हाइकाला दाखवून त्याच्या हाती द्यावा. बिलावर तारीख व किलोमीटर लिहावेत आणि तेच एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवावे. पट्टा किलोमीटरवर आणि वर्षांवरही बदलायचा असतो, यांपैकी जे आधी येईल ते धरावे. फार न चाललेल्या गाडीच्या मालकाला हे आवर्जून सांगावे, कारण रबर उभ्या गाडीतही जुने होते. कामाची मजुरी आधी ठरवावी, ती रास्त असावी आणि ती घेताना संकोच करू नये.

उस्तादांना एक विनंती आहे. शागीर्दाला नुसते "इथे लाव" असे सांगू नका. खूण कशासाठी आहे ते समजावून द्या आणि प्रत्येक इंजिनाच्या खुणांचे चित्र वहीत काढायला लावा. जमेल त्या मुलाला आय.टी.आय.च्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमालाही पाठवावे. हातातले कसब आणि कागदावरचे ज्ञान एकत्र आले, तर इन्शाअल्लाह आपल्या गॅरेजचे नाव टिकेल आणि रोजीत बरकतही येईल.