पटावरील दिग्विजय आणि पालखेडचे पाणी

पावसाने मैदानात चिखल झाला म्हणजे मधल्या सुटीत आमचे विद्यार्थी वर्गातच पट मांडून बसतात. यंदा सारीपाट व बुद्धिबळे मागे पडली आणि 'रिस्क' नावाच्या खेळाने सर्वांस वेड लावले. आल्बेर लामोरिस या फ्रेंच चित्रपट-दिग्दर्शकाने तो रचला व १९५७ साली तो प्रथम विक्रीस आला. त्याच्या मूळ फ्रेंच नावाचा अर्थच 'जगाचा दिग्विजय' असा आहे. मुले काय खेळतात ते पाहावे म्हणून आम्ही एके दिवशी जवळ बसलो, आणि कबूल करावयास हरकत नाही, घंटा झाली तरी उठलो नाही.

पटावर साऱ्या पृथ्वीचे ४२ मुलूख व ६ खंड केलेले असतात. चाल करून जाणारा फार तर तीन फासे टाकतो, राखणारा दोन. दान सारखे पडल्यास राखणाऱ्याची सरशी. जो अखंड खंड आपल्या हाती ठेवील त्यास दर डावास जादा फौज मिळते. आशियास सात, ऑस्ट्रेलियास अवघी दोन. नवखा खेळाडू अर्थातच आशियावर झेप घेतो. परंतु आशियात मुलूख बारा आणि दारे चहूकडे उघडी. ऑस्ट्रेलियात मुलूख चार व दार एकच. म्हणून जाणता गडी प्रथम त्या कोपऱ्यात मुकाट्याने ठाण मांडतो. जिंकणे निराळे व राखणे निराळे, हे हा पट दोन दुपारांत शिकवितो. त्याचे एवढे श्रेय आम्ही नाकारीत नाही.

एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, यात आपले करमाड कोठे?" सारा हिंदुस्थान तेथे एकच घर! आम्ही बोट ठेवले, तो त्याखाली अवघा महाराष्ट्र झाकून गेला. त्या बोटाएवढ्या जागेत १७२७-२८ साली जो डाव झाला तो मुलांस सांगावा, असे तेव्हाच मनात आले.

निजामुल्मुल्काने शाहू महाराजांची चौथाई अडविली व कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष उचलून धरला. त्यावर बाजीराव पेशवे निघाले ते निजामाच्याच मुलखात. नोव्हेंबर १७२७ मध्ये ते जालना प्रांतात होते. आपल्या गावावरून जाणारी सडक ज्या जालन्यास जाते, तेच हे जालना. पुढे वाशीम, माहूर. तेथून वळून खानदेश, आणि तापी ओलांडून गुजरात. निजाम काही काळ मागे धावला, मग पाठलाग सोडून पुण्यावर गेला. तिकडे पुणे शत्रूच्या हाती. तरी बाजीराव पुण्याकडे न वळता औरंगाबादेच्या रोखाने परतले! निजामास पुणे सोडणे भाग पडले. घाईसाठी त्याने अवजड तोफा मागे ठेवल्या. फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूर तालुक्यातील पालखेड येथे मराठ्यांनी त्यास घेरले. दाणावैरण तुटली, पाणी तुटले. मोठी हातघाई न होताच निजाम तहास आला, आणि ६ मार्च रोजी मुंगी-शेवगाव येथे तह झाला. ब्रिटिश फील्डमार्शल माँटगोमरी यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची मुक्त कंठाने वाखाणणी केली आहे.

आता पटाकडे पाहा. लाकडी सोंगटीस तहान लागत नाही. मग ज्याने पालखेड जिंकले तेच त्या पटावर नाही! प्रशियात १८२४ साली राइसविट्झ नामक तरुण अधिकाऱ्याने सैन्यासाठी युद्धाचा खेळ सिद्ध केला, तो प्रमाणशीर नकाशावर; त्यात नद्या, टेकड्या, रस्ते होते. तोच धडा घेऊन आमच्या वर्गाने पुठ्ठ्यावर आपल्या मुलखाचा नकाशा काढला. गोदावरी, दुधना, पूर्णा व तापी निळ्या शाईने दाखविल्या आणि नियम केला: दोन डाव नदीपासून दूर राहील त्या फौजेने एक सोंगटी गमवावी.

खेळ रंगला असता एका विद्यार्थिनीने हरकत घेतली. "फौजेला पाणी लागते, मग जालन्यातले लोक काय खातात?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. त्या स्वारीत जालना व सिंदखेड या परगण्यांची लूट झाली होती, आणि नोव्हेंबर म्हणजे खरिपाचे धान्य नुकतेच घरात येण्याचे दिवस! तहात जय कोणाचाही होवो, त्या कणग्या पुन्हा भरणारे कोण होते? दुसऱ्या दिवशी तिने डब्यातून ज्वारी आणली व प्रत्येक घरात दहा दहा दाणे ठेविले. जी फौज ज्या घरातून जाईल तिने तेथील दाणे उचलावे. रिकाम्या घरातून धन्यासही फौज मिळू नये.

त्या दिवशी सर्वांत अधिक मुलूख घेणाराच प्रथम अडला. सोंगट्या पुष्कळ, उभे राहावयास घरे पुष्कळ, पण पुढची चाल नाही. कोणी म्हणाले, नियम फार कडक आहे. कोणी म्हणाले, दाणे वीस करावे. तंटा मिटण्यापूर्वीच घंटा झाली. पुठ्ठा अद्याप वर्गाच्या कपाटावर आहे. जालन्याच्या घरात एकही दाणा नाही.