दिघी, जंजिरा, पद्मदुर्ग: आधी तिथी बघा, मग सुट्टी

रस्त्याचं एका ओळीत उरकतो. माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतनवरून दिघी. दिघीच्या जेट्टीवरून होडीने जंजिरा. मग गाडीसकट फेरीबोटीने आगरदांडा आणि तिथून मुरूड. पद्मदुर्गाची होडी मुरूडच्या बाजूने ठरवायची. शनिवार-रविवारात हे सगळं आरामात बसतं, आणि आमचंही बसलं असतं. पण रविवारी सकाळी पद्मदुर्गावर आमची होडी खडकांत बसली आणि आम्ही सहा जण पावणेतीन तास तिथेच अडकलो. हा लेख त्या पावणेतीन तासांमुळे लिहितोय. चूक पूर्णपणे आमची होती आणि ती टाळता येण्यासारखी होती. तरीही त्या चुकीमुळे जे बघायला मिळालं, ते ठरल्याप्रमाणे परतलो असतो तर कधीच दिसलं नसतं.

शनिवार: जंजिरा

दिघीच्या धक्क्यावर उभं राहिलं की राजापुरीच्या खाडीच्या तोंडावर जंजिरा दिसतो. पाण्यातून थेट वर आलेला काळा तट, एकोणीस बुरूज, आणि अगदी जवळ जाईपर्यंत कुठे आहे ते न कळणारा दरवाजा. मागे वळलं की दिघी बंदराच्या क्रेन. जंजिऱ्याचे राज्यकर्ते सिद्दी आपला आरमारी तळ इथे ठेवत ते खोल पाणी आणि वाऱ्यापासून आडोसा, या दोन गोष्टींसाठी. आजची मालवाहू जहाजं इथे येतात तीही त्याच दोन गोष्टींसाठी. मधल्या काळात तळ ओस पडला, पण खाडीचा गुण कायम राहिला.

जंजिऱ्यावर शनिवारी दुपारी जत्रा होती. लोकांनी यावं, जरूर यावं. पण होडीवाल्याने दिलेल्या मोजक्या वेळात कलालबांगडी तोफेजवळ फोटो, तलावाजवळ फोटो, आणि परत, असं धावत बघण्यासारखी ही जागा नाही. चारही बाजूंनी खारं पाणी असताना किल्ल्याच्या पोटात दोन गोड्या पाण्याचे तलाव आहेत. या पाण्यावर किल्ला वर्षानुवर्षं वेढे सोसत राहिला. त्याच तलावात आज प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसतात. दरवाजाजवळ पंजात हत्ती धरलेल्या वाघाचं शिल्प आहे. त्याच्या बाजूच्या दगडावर कोणीतरी कोळशाने स्वतःचं आणि मैत्रिणीचं नाव लिहून ठेवलंय. अशा वेळी गप्प बसू नका. आम्ही एका गटाला बाटल्या परत न्यायला सांगितल्या आणि त्यांनी त्या नेल्या. माणसं ऐकतात, फक्त कोणीतरी सांगावं लागतं.

इतिहास, थोडक्यात

सांगतात ते असं: इथे आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, राम पाटील त्यांचा प्रमुख. निजामशाहीच्या काळात तो कपटाने घेतला गेला आणि सोळाव्या शतकात दगडी किल्ला उभा राहिला. पुढे आफ्रिकेतून आलेल्या हबशांचं, म्हणजे सिद्द्यांचं, राज्य इथे रुजलं. या मुलखाला हबसाण म्हणत ते त्यामुळेच. शिवाजी महाराजांनी किनाऱ्यावर जोर धरल्यावर सिद्दी मोगलांच्या आश्रयाला गेला आणि जंजिरा मोगलांच्या आरमाराचा तळ झाला. सिद्दीची गलबतं पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात आसरा घेत. इंग्रजांना ते नको होतं, पण नाही म्हणायची हिंमत नव्हती. 1689 मध्ये याच सिद्दीने मुंबई बेटावर हल्ला करून इंग्रजांना कोंडून धरलं.

महाराजांनी जंजिऱ्यावर अनेकदा मोहिमा काढल्या. किल्ला हाती येईना, तेव्हा त्याच्या वायव्येला कासा नावाच्या खडकाळ बेटावर नवा किल्ला बांधायला घेतला, तोच पद्मदुर्ग. राजापुरीच्या छातीवर दुसरी राजापुरी उभी करणं, असा त्याचा अर्थ महाराजांच्या 1675 च्या पत्रात आहे. ते पत्र रागाने लिहिलेलं आहे. प्रभावळीच्या सुभेदाराने किल्ल्याच्या कामासाठी रसद आणि पैसा वेळेवर पोचवला नाही म्हणून महाराजांनी त्याला धारेवर धरलं. 1676 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांची मोहीम निघाली. पद्मदुर्गाच्या लाय पाटलाने आपल्या कोळ्यांसह रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. मोरोपंतांची माणसं ठरल्या वेळी पोचली नाहीत, उजाडायला लागलं, शिड्या काढून घ्याव्या लागल्या. महाराजांनी तरीही लाय पाटलाचा गौरव केला. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून समुद्रात भराव टाकून वाट काढायला घेतली. मोगल फौज कोकणात उतरली आणि ते काम अर्धं सोडून त्यांना परतावं लागलं.

संभाजी महाराजांनंतर पद्मदुर्गही सिद्दीकडे गेला. मग मराठ्यांनी 1733 मध्ये रायगड परत घेतला, 1736 मध्ये चिमाजी अप्पांनी रेवसजवळ सिद्दी सातला मारलं आणि सिद्दीचा किनाऱ्यावरचा पसारा आटला. जंजिरा मात्र लढून पडला नाही. मोगलांची सत्ता ढासळली, समुद्र इंग्रजांचा झाला आणि तळाला काम उरलं नाही. नवाब मुरूडला राहायला आले, 1885 मध्ये तिथे टेकडीवर राजवाडा झाला, 1948 मध्ये संस्थान विलीन झालं. लष्करी तळांचं असंच होतं. कल्याणजवळच्या नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी शेतकऱ्यांच्या जमिनीवर विमानांची धावपट्टी केली. युद्ध संपलं, विमानं गेली, धावपट्टी पडून राहिली आणि 2017 मध्ये त्या जमिनीवरून शेतकरी रस्त्यावर उतरले. तळाचं काम संपतं, त्याची जागा मात्र मागे उरते, आणि तिचं काय करायचं हे पुढच्यांना ठरवावं लागतं.

रविवार: पावणेतीन तास

सकाळी साडेसहाला झुंजूमुंजू असताना निघालो, सातला पद्मदुर्गाजवळ पोचलो. धक्का असा नाही. होडी खडकांच्या मधल्या फटीत घालतात आणि गुडघाभर पाण्यात उतरायचं. उतरताना नाखव्याने स्पष्ट सांगितलं, "दादा, पाणी सुकतंय. साडेसातला पाय होडीत पाहिजेत." आम्ही होय म्हटलं. मग बुरुजावर गेलो, सूर्य वर आला, जंजिऱ्याचा तट केशरी झाला आणि कोणाच्या लक्षात वेळ राहिली नाही. आठ वाजून पाच मिनिटांनी परत आलो तेव्हा होडीचा तळ खडकाला टेकला होता. आम्ही सहा जणांनी जोर लावला, ती वीतभरही हलली नाही. नाखवा चिडला नाही. त्याने नांगर खडकात नीट बसवला आणि म्हणाला, "आता पाणी आणेल तेव्हा."

पहिला अर्धा तास वाईट गेला. नाश्ता गाडीत राहिला होता. माणशी एक बाटली पाणी, तेही अर्धं संपलेलं. किल्ल्यावर पिण्याच्या पाण्याचा भरवसा नाही आणि सावली फार थोडी. आमच्यातल्या एका मैत्रिणीचा संकष्टीचा उपास होता. खाण्याची चिंता नसलेली ती एकटीच, आणि तिनेच सगळ्यांना उठवलं: बसून राहण्यापेक्षा तट नीट बघू.

म्हणून आम्ही तटाला हात लावत फिरलो. समुद्राकडच्या अंगाला एका ठिकाणी मी थांबलो, कारण भिंत उलटी दिसत होती. नेहमी दगड पुढे असतो आणि सांध्यातला चुना झिजून आत गेलेला असतो. इथे चुना पुढे होता. प्रत्येक दगडाच्या चारही कडांनी चुन्याची चौकट ताठ उभी, आणि तिच्या आतला दगड लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने खाऊन खोल गेलेला. एका घरात मी बोटं घातली, ती पेरापर्यंत आत गेली. दगड पापुद्र्यांनी सुटून हाताला लागत होता. चुन्यावर नख ओढलं तर ओरखडाही उमटला नाही. सबंध भिंत मधाच्या पोळ्यासारखी.

हे कसं होतं, तर खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतं, उन्हात सुकतं, आत मिठाचे खडे धरतात आणि ते दगडाला आतून फोडतात. रोज, साडेतीनशे वर्षं. आणि ज्या चुन्याने हे सोसलं, तो भिजवणारे, मळणारे, भरणारे हात कोणाचे ते कुठेही लिहिलेलं नाही. समोर शत्रूचा तळ, वरून तोफांची भीती, रसद येत नाही म्हणून काम खोळंबलेलं, आणि तरीही कोणी चुन्यात कसर केली नाही. महाराजांचं ते रागाचं पत्र मला तिथे, भिंतीला हात लावून, पहिल्यांदा नीट कळलं. इथे माल वेळेवर येणं ही किती मोठी गोष्ट होती, हे अर्धी बाटली पाणी हातात असताना समजायला अवघड नव्हतं.

नऊच्या सुमारास पाणी पार उतरलं. एरवी बुडालेले खडक उघडे पडले, त्यांवर कालवांचे थर. त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात. आमच्यातला एक जण चपलेवर उतरला आणि त्याची टाच चिरली. रक्त थांबवायला पट्टी होती म्हणून बरं. नाखव्याने मात्र त्या वेळात कोयतीने कालवं फोडली. पडकोटाच्या बाजूने फिरताना त्याने दूर बोट दाखवलं: पाण्याचा रंग बदलतो तिथे खडक, तो हिरवा पट्टा म्हणजे वाट. परक्या गलबताला ही वाट ठाऊक नसणं, हाही या किल्ल्याचा तटच होता. पाकळ्यांच्या आकाराच्या बुरुजावर बसून आम्ही ती वाट हळूहळू भरताना पाहिली. पावणेअकराला होडी एका अंगाला हलली, मग दुसऱ्या, आणि कोणी हात न लावता तरंगली.

हिशेब

परतताना नाखव्याने जो हिशेब सांगितला तो कोकणातल्या कोणत्याही कोळीवाड्यात चालतो आणि प्रत्येक भटक्याला पाठ हवा. तिथीची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनला, पहाटे आणि पुन्हा दुपारी. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या आसपास. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, चढउतार कमी.

आम्ही गेलो त्या दिवशी वद्य चतुर्थी होती. ओहोटी सव्वानऊला येणार हे कॅलेंडरवरच्या एका शब्दात लिहिलेलं होतं. संकष्टी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, कारण उपास करणारी सोबत होती. त्या शब्दाचा पाण्याशी संबंध आम्ही लावला नाही.

म्हणून पद्मदुर्गासाठी: त्रयोदशी ते द्वितीया यांच्यात येणारा शनिवार-रविवार निवडा. भरती पावणेदहा ते दीडच्या दरम्यान येते. चढत्या पाण्यावर जा, उतरायला लागल्यावर लगेच निघा, मधे दोन-तीन तास निवांत मिळतात. अंदाज पाऊणपटीने करा, पण पक्की वेळ भरतीच्या तक्त्यावरून आणि नाखव्याकडून घ्या. उधाणात ओढ जास्त असते, वारा असेल तर तो नाही म्हणू शकतो. तो नाही म्हणाला तर जादा पैसे पुढे करू नका. जून ते ऑगस्ट विषयच काढू नका. परवानगीची चौकशी आदल्या दिवशी मुरूडला करून ठेवा.

- माणशी तीन लिटर पाणी आणि एक वेळचं खाणं होडीत, गाडीत नाही.
- बंद, जाड तळव्याचे, भिजले तरी चालतील असे बूट. कालवांवर चप्पल नको.
- लाइफ जॅकेट अंगावर, होडीच्या कोपऱ्यात नाही.
- परतीची वेळ ठरल्यावर एकाने फक्त घड्याळ सांभाळायचं.
- नेलेला कचरा परत, आणि जमेल तेवढा दुसऱ्यांचाही.

हाताशी वेळ उरला तर राजापुरीजवळ खोकरीला सिद्द्यांचे दगडी घुमट जरूर बघा. तिथे गर्दी नसते.

एक शेवटचं. चढण नाही म्हणून जलदुर्गांना ट्रेक न मानणारे बरेच भेटतात, आणि ते स्वतःला खरे ट्रेकर समजतात. खरा भटक्या किती मीटर चढला यावर ठरत नाही. जागेचा नियम त्याला कळला का, यावर ठरतो. सह्याद्रीत तो नियम उतार आणि पाऊस ठरवतात, इथे चंद्र ठरवतो. लाय पाटलाच्या शिड्या लागल्या होत्या, पण पहाट आधी झाली. या पाण्यात वेळ चुकली की धाडसही परत फिरतं. पद्मदुर्गाचा दगड वर्षाला थोडा थोडा जातोय आणि चौकटी अजून उभ्या आहेत. त्या बघायला जा, पण कॅलेंडरवर आधी तिथीवर बोट ठेवा, वारावर नंतर.