'वय झाले, आता असे चालायचेच'

हे वाक्य बाह्यरुग्ण विभागात वारंवार कानी पडते. रोज रंकाळ्यावर फेरी मारणाऱ्या आजोबांचे पाऊल उचलेनासे होते. ते पाय फाकवून, जमिनीला चिकटल्यासारखे घासत चालतात व वळताना त्यांचा तोल जातो. पुढे लघवी आवरत नाही, विचार मंदावतो, विसर पडू लागतो. कुटुंबीय बहुधा विसरण्याची तक्रार प्रथम सांगतात. लघवीची तक्रार विचारल्यावरच, तीही संकोचाने. वास्तविक निदानासाठी मोलाचा प्रश्न हा, की आधी काय बिघडले, चालणे की स्मरण?

चालणे आधी बिघडले असल्यास नॉर्मल प्रेशर हायड्रोसिफॅलस या विकाराची शंका घ्यावी. मेंदूत दररोज सुमारे अर्धा लिटर द्रव तयार होतो व तेवढाच रक्तात शोषला जातो. हा निचरा बिघडला की मेंदूतील पोकळ्या फुगतात. दाब मोजल्यास मात्र तो बहुधा नेहमीइतकाच भरतो. बोगोटा येथील शल्यविशारद सालोमोन हकीम यांनी हे कोडे ओळखले आणि १९६५ मध्ये रेमंड ॲडम्स यांच्यासमवेत ते वैद्यकविश्वापुढे मांडले.

केवळ स्कॅनवरून निर्णय करू नये, कारण मेंदू आकसल्यानेही पोकळ्या मोठ्या दिसतात. कमरेतून ३० ते ५० मिलिलिटर द्रव काढतात आणि त्याआधी व नंतर रुग्णाला ठरावीक अंतर चालवून वेळ मोजतात. चाल सुधारली, तर शस्त्रक्रियेचा लाभ होण्याची शक्यता बळावते. न सुधारल्यास ती पूर्णतः मावळते असे नाही.

शस्त्रक्रियेत झडप असलेली बारीक नळी, म्हणजे शंट, मेंदूतून त्वचेखालून पोटात सोडतात. भारतीय बनावटीचा छाब्रा शंट परदेशी शंटपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारी झडप सोयीची खरी, परंतु महाग. देणगीदारांनी हा फरक ध्यानी घ्यावा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत शंट सुरू केलेल्या रुग्णांचा चालण्याचा वेग तीन महिन्यांत स्पष्टपणे वाढला. स्मरणशक्तीत मात्र तसा फरक दिसला नाही. तेव्हा आजोबा पूर्ववत हिशेब ठेवू लागतील, असे आश्वासन आम्ही देत नाही.

संसर्ग, नळी तुंबणे व कवटीत रक्तस्राव हे धोके आहेत. ताप, उलट्या, वाढती डोकेदुखी वा गुंगी दिसताच रुग्णास त्वरित आणावे. तसेच एमआरआयपूर्वी शंट असल्याचे अवश्य सांगावे, कारण चुंबकाने काही झडपांचा दाब बदलू शकतो.